दहावीनंतरची वाट आठवीतच आखा : सीमाभागातील विद्यार्थी-पालकांसाठी माहिती

एसएसएलसीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पीयूसी इथेच करायची, की अकरावीला चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला पाठवायचं? मग कोणी भाऊजींना फोन लावतो, कोणी शेजारच्या सरांना गाठतो आणि आठ-दहा दिवसांत घाईघाईने निर्णय होतो. दोन वर्षांनी इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगचा फॉर्म भरताना कळतं की गणित घेतलेलं नाही, जीवशास्त्र सोडलेलं आहे किंवा प्राथमिक शाळेचा दाखलाच हाताशी नाही.

खरं बघायला गेलं तर पुढच्या प्रवेशाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आठवी ते दहावी या तीन वर्षांतच ठरतात. सीमाभागातल्या मुलांना तर दोन राज्यांचे नियम लागू होतात. ते वेळेत माहीत असले तर दोन्हीकडची दारं उघडी ठेवता येतात.

आठवी : भाषा आणि गुणांचा हिशेब

कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून धरलं जातं. एसएसएलसीला तीन भाषा आणि गणित, विज्ञान, समाजविज्ञान असे सहा विषय असतात. पहिल्या भाषेला १२५ आणि बाकी पाच विषयांना प्रत्येकी १००, म्हणजे एकूण ६२५ गुण. मराठी माध्यमाच्या मुलांची पहिली भाषा मराठी, सोबत कन्नड आणि इंग्रजी.

महाराष्ट्रात दहावी ६०० गुणांची असून तिथे उत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढण्याची पद्धत आहे. त्यामुळे चंदगडच्या मावसभावाचे टक्के आणि आपल्या मुलाचे टक्के एका तराजूत तोलू नयेत. ६२५ पैकी ५०० म्हणजे ८० टक्के. हा आकडा तिकडच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’शी जुळत नाही, म्हणून मुलगा मागे पडला असं होत नाही.

कन्नडकडे बरीच मुलं ‘पास झालं की पुरे’ म्हणून बघतात. राजकीय भूमिका काहीही असो, त्या विषयाचे गुण एकूण बेरजेत जातात आणि पीयूसीच्या प्रवेशाला बेरीजच बघितली जाते. आठवीपासून रोज अर्धा तास दिला तर हा विषय ओझं राहत नाही.

मराठीतून इंग्रजीत : खरी अडचण इथे

दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित मराठीतून शिकलेलं मूल पीयूसी सायन्सला गेलं की एका दिवसात सगळं इंग्रजीत येतं. ‘त्वरण’, ‘संयुजा’, ‘प्रकाशसंश्लेषण’ हे त्याला नीट समजलेलं असतं. पण वर्गात अ‍ॅक्सिलरेशन, व्हॅलन्सी, फोटोसिंथेसिस म्हटलं की ते गप्प बसतं. बुद्धी कमी नसते, शब्द नवे असतात. पहिल्या सहामाहीत मार्क्स घसरतात, घरचे म्हणतात ‘सायन्स झेपत नाही’, आणि मूल मध्येच लाइन बदलतं किंवा कॉलेजच सोडतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो नववीत सुरू करायला हवा. विज्ञान-गणिताच्या प्रत्येक धड्यातले वीस-पंचवीस शब्द मराठी आणि इंग्रजी असे शेजारी-शेजारी वहीत लिहून ठेवावेत. दहावीची परीक्षा झाल्यावर जो दीड-दोन महिन्यांचा मोकळा वेळ मिळतो, त्यात अकरावीच्या भौतिकशास्त्राची आणि गणिताची पहिली दोन-तीन प्रकरणं इंग्रजी पुस्तकातून वाचून काढावीत. हायस्कूलच्या शिक्षकांनी दहावीच्या शेवटच्या सहामाहीत फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले तरी मुलांचं निम्मं भय जातं.

मराठी सोडावी लागेल असंही नाही. पीयूसीला दोन भाषा असतात आणि मंजूर भाषांच्या यादीत मराठीही आहे. आपल्या कॉलेजात ती शिकवतात का, हे मात्र प्रवेशाआधी विचारावं.

पीयूसीचे विषय : काय घेतलं की कुठलं दार बंद होतं

पीयूसीला दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय, प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० गुण. कॉलेजवाले विषयांची नावं आद्याक्षरांनी सांगतात, ती समजून घ्या.

• पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) : इंजिनिअरिंग, मेडिकल, शेतकी, फार्मसी, नर्सिंग सगळं खुलं. अभ्यास जास्त, पण अजून नक्की ठरलेलं नसेल तर हाच गट सुरक्षित.
• पीसीएमसी (जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स) : इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, बीसीएला चांगला. मेडिकल आणि नर्सिंग मात्र बंद.
• कॉमर्समध्ये अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज, अर्थशास्त्र आणि चौथा विषय इतिहास, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर किंवा गणित. चौथा विषय ‘सोपा कुठला’ म्हणून घेऊ नका. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. बीसीए किंवा डेटाशी संबंधित कोर्स करायचा असेल तरी गणित-संख्याशास्त्र उपयोगी पडतं.
• आर्ट्समध्ये इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. स्पर्धा परीक्षा, कायदा, बीएड, पत्रकारिता या दिशेने जाणाऱ्यांसाठी हा पाया पक्का आहे. ‘कमी मार्क्स पडले म्हणून आर्ट्स’ ही समजूत सोडायला हवी.

एक नियम लक्षात ठेवा. नंतर विषय सोडता येतो, पण न घेतलेला विषय मागून जोडणं फार अवघड जातं.

इथे की तिकडे? तीन वेगवेगळे नियम

मुलाला अकरावीसाठी महाराष्ट्रात पाठवलं की कर्नाटकातला हक्क संपतो, असं बरेच पालक धरून चालतात. नियम तसा नाही.

पहिला, कर्नाटकातल्या सीईटीचा. पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी. म्हणजे पहिली ते दहावी खानापुरात आणि अकरावी-बारावी चंदगडात केलेलं मूलही कर्नाटकच्या सरकारी कोट्यातल्या जागांसाठी पात्र राहू शकतं. सगळी शाळा महाराष्ट्रात झालेल्याला ही वाट नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषिकांसाठी कर्नाटकाने ‘गडीनाडू कन्नडिग’ म्हणून वेगळं कलम ठेवलं आहे.

दुसरा, महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशाचा. तिथे उमेदवारांचे ‘टाइप’ असतात. त्यातला टाइप ‘ई’ आपल्यासाठी आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी, बारावी किंवा दोन्ही पास झालेले आणि मातृभाषा मराठी असलेले उमेदवार त्यात येतात. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांपैकी आपलं गाव असेल तर तसा दाखला आणि मातृभाषेचा दाखला विहित नमुन्यात लागतो. फॉर्म भरताना घाईत ‘महाराष्ट्राबाहेरील’ असा पर्याय टाकला तर हा हक्क हातचा जातो. मेडिकलसाठीही सीमाभागाची तरतूद आहे, पण जागा मोजक्या आणि नियम वेगळे, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी.

तिसरा, एनआयटीचा. एनआयटीतल्या निम्म्या जागा ‘होम स्टेट’च्या असतात आणि होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून पास झाली यावरून. बेळगावात बारावी केली तर सुरतकलची एनआयटी घरची, चंदगडात केली तर नागपूरची. राहता कुठे आणि दहावी कुठे झाली याला इथे महत्त्व नाही. जेईई देणाऱ्यांनी अकरावीच्या प्रवेशाआधीच याचा विचार करावा.

महाराष्ट्रात २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने सुरू झाले. थेट कॉलेजात जाऊन ‘सीट आहे का’ विचारायचे दिवस गेले. तिकडे जायचं असेल तर निकालाआधीच नोंदणीच्या तारखांवर लक्ष ठेवा.

दोन सीईटी, दोन हिशेब

केसीईटीत प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न, ६० गुण. इंजिनिअरिंगची रँक काढताना बारावीच्या भौतिक, रसायन, गणित या तीन विषयांचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात. एखाद्याला बारावीत या तीन विषयांत ३०० पैकी २४० म्हणजे ८० टक्के आणि सीईटीत १८० पैकी ९० म्हणजे ५० टक्के पडले, तर त्याचा हिशेब ४० अधिक २५, म्हणजे ६५. दुसऱ्याला दोन्हीत ६० टक्के असतील तर तो ६० वर थांबतो. सीईटीत पुढे असूनही मागे राहिला, कारण बोर्डाकडे दुर्लक्ष केलं.

महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते, खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४०. पेपर २०० गुणांचा, त्यात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. दोन्ही सीईटींत निगेटिव्ह मार्किंग नाही.

मूल पाठांतरात आणि लेखी पेपरात पक्कं असेल तर कर्नाटकाची पद्धत त्याच्या फायद्याची. झटपट गणितं सोडवणाऱ्याला महाराष्ट्राची जमते. दोन्ही दिल्या तर उत्तम, फक्त तारखा एकमेकांवर येत नाहीत ना ते बघा.

कागदपत्रं : दहावीतच फाइल तयार करा

• शाळेचे अभ्यास दाखले. पहिलीपासून प्रत्येक शाळेचा, बीईओंच्या सहीसह. सात वर्षांची अट यावरच सिद्ध होते. पटसंख्येअभावी लहान शाळा बंद पडतात किंवा दुसरीकडे विलीन होतात, मग जुनं रजिस्टर शोधत फिरावं लागतं.
• ग्रामीण दाखला. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना कर्नाटकात १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. बरेच जण हा फॉर्मच भरत नाहीत.
• जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालेल असं धरू नये. कर्नाटकात मराठा समाज ३-बी मध्ये आहे, महाराष्ट्रात वर्गवारी वेगळी आहे.
• बिदर, भालकी, औराद भागातल्यांसाठी कलम ३७१ (जे) खालचा कल्याण-कर्नाटकाचा दाखला. बेळगाव जिल्ह्याला तो लागू नाही.
• नाव. आपल्याकडे मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, महाराष्ट्रात पूर्ण नाव लिहितात. कन्नडातून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंगही बदलतं. आधार, शाळेचं रजिस्टर आणि जातीचा दाखला यांवर नाव एकसारखं हवं. दुरुस्ती करायची ती शाळेने परीक्षेसाठी बोर्डाकडे यादी पाठवण्याआधी. मार्क्स कार्ड छापल्यावर हेलपाटेच घालावे लागतात.

पीयूसी नको असेल तर

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून कर्नाटकात डीसीईटीमार्गे थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. महाराष्ट्रातही थेट द्वितीय वर्षाची सोय आहे. आयटीआय करताना प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं आहे का ते विचारा, ते देशभर चालतं. शेती असलेल्या घरातल्या मुलांना कर्नाटकाच्या कृषी विद्यापीठांत वेगळा कोटा आहे. त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला जीवशास्त्र लागतं. दहावीत नापास झालेल्यांनाही त्याच वर्षी पुन्हा परीक्षेची संधी असते. मुलीला एका विषयासाठी घरी बसवून वर्ष घालवायचं काहीच कारण नाही.

वर्षानुसार काय करायचं

आठवी : तिन्ही भाषांचा नियमित अभ्यास. नाव, जन्मतारीख तपासून घ्या.
नववी : मराठी-इंग्रजी शब्दांची वही. मुलाला काय आवडतं आणि काय जमतं, यावर वर्गशिक्षकांशी एकदा सविस्तर बोला.
दहावीची पहिली सहामाही : दाखल्यांची फाइल. दोन-तीन कॉलेजं बघून विषय, भाषा, फी, बसची सोय विचारून घ्या.
दहावीनंतरची सुट्टी : इंग्रजीतून अकरावीची तोंडओळख. दोन्ही राज्यांच्या प्रवेशाच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.
अकरावी : इथला अभ्यास टाळू नका, दोन्ही सीईटींत तो विचारला जातो.
बारावी : दोन्ही सीईटींचे फॉर्म, सीमाभागाचे दाखले आणि बोर्डाची तयारी एकत्र.

टक्केवारी आणि तारखा वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी केईए आणि महाराष्ट्र सीईटी कक्षाची त्या वर्षीची पुस्तिका उघडावी. इंग्रजीतली पुस्तिका पालकांना जड जात असेल तर हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या शनिवारी दहावीच्या पालकांना बोलावून ती मराठीत समजावून सांगावी. दोन तासांचं काम आहे, पण त्यामुळे कित्येक मुलांचं वर्ष वाचेल.