दोन अक्षरांची सनद

फ्रान्सच्या ईशान्येकडील शॅम्पेन प्रांतात सिद्ध झालेल्या फेसाळ मद्याची बाटली हाती आली, तर दर्शनी भागावरील सोनेरी मजकूर बाजूस ठेवून लेबलाच्या कडेला अतिशय बारीक टायपात छापलेली दोन रोमन अक्षरे आधी शोधावीत, असा सल्ला जाणकार देत असतात. ती अक्षरे 'एन. एम.' अशी असतील, तर तो माल द्राक्षे विकत घेऊन मद्य करणाऱ्या पेढीचा समजावा, 'आर. एम.' अशी असतील, तर ज्याने वेलीची छाटणी केली, ज्याने घड खुडले, त्याच बागायतदाराने तो आपल्या तळघरात तयार केला आहे, असे मानण्यास हरकत नाही. गेल्या पस्तीसेक वर्षांत लंडन-न्यूयॉर्कच्या रसिकांना या लहान बागायतदारांचा शोध लागला, असे म्हणण्याची चाल पडली आहे. हा 'शोध' मला थोडा विनोदी वाटतो. मार्न नदीच्या काठी खडूच्या पांढऱ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारी ही माणसे कोठे गेली नव्हती. बाटलीवर त्यांचे नाव तेवढे नव्हते.

ते का नव्हते, हे कळण्यासाठी या मद्याची घडण पाहिली पाहिजे. त्याचे जनकत्व ओव्हिलेरच्या मठातील दों पेरिन्यों या साधूला देण्याचा प्रघात आहे. १६६८ पासून १७१५ मध्ये देह ठेवीपर्यंत मठाच्या कोठाराचा कारभार पाहणाऱ्या या पुरुषाने निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचे मेळ जमविण्याची कला नावारूपास आणली हे खरे. परंतु फेस हा त्याच्या लेखी दोष होता, आणि तो कोठारावर रुजू होण्यापूर्वी सहा वर्षे, १६६२ मध्येच, ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने मद्यात साखर घालून त्यास फेस आणण्याच्या व्यापाऱ्यांच्या रीतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. १७२८ मध्ये पंधराव्या लुईच्या फर्मानाने मद्य पिंपाऐवजी बाटल्यांत भरून परगावी नेण्यास मोकळीक मिळाली. दुसऱ्याच वर्षी र्‍विनारची पेढी उघडली, आणि मग मोएत, क्लिको अशा एकाहून एक मातबर पेढ्यांची नावे युरोपच्या राजदरबारांत दुमदुमू लागली.

पेढ्याच का, बागायतदार का नव्हेत? साधे मद्य पिंपात आंबले की विकता येते. शॅम्पेनला मात्र बाटलीत दुसऱ्यांदा आंबवावे लागते, वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ तळघरात आडवे निजवावे लागते, नंतर तिरक्या फळ्यांवर उलटे रोवून रोज थोडे थोडे फिरवीत गाळ बुचापाशी आणावा लागतो (विधवा क्लिकोबाईंच्या तळघरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कृतीला शास्त्रशुद्ध रूप आले), आणि अखेर बूच उडवून गाळ बाहेर टाकल्यावर साखरेची मात्रा घालून बाटली पुन्हा बंद करावी लागते. जाड काच, मैलोगणती तळघरे, कुशल हात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रीवाचून वर्षानुवर्षे पडून राहणारा पैसा, ही सामग्री दीड-दोन हेक्टरांच्या धन्याजवळ कोठून असणार? शिवाय द्राक्ष हे वाट पाहणारे पीक नव्हे. खुडलेला घड तातडीने घाण्याखाली गेला नाही तर मातीमोल होतो, हे आमच्या नाशिककडील बागायतदारास निराळे सांगावयास नको. सौद्याच्या वेळी एकास घाई आणि दुसऱ्यास सवड असली, म्हणजे दर कोण ठरवितो हे उघड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फायलोक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने प्रांतात पाय टाकला, आणि जुन्या वेली उपटून अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्याच्या खर्चाने आधीच वाकलेल्या कुळांवर पुढे नापिकीची वर्षे लागोपाठ कोसळली. १९१० चा हंगाम तर जवळजवळ शून्य गेला. अशा वेळी काही पेढ्या ल्वार नदीच्या खोऱ्यातून आणि पार दक्षिणेकडून स्वस्त माल आणून त्यावर शॅम्पेनचा शिक्का मारीत आहेत, ही वार्ता गावोगाव पसरली. आणि ती निव्वळ अफवा नव्हती. १९११ च्या जानेवारीत दामरी आणि ओव्हिलेर येथील शेतकऱ्यांनी परक्या मद्याच्या गाड्या अडवून पिंपे मार्नच्या पात्रात लोटून दिली.

सरकारने तोडगा काढला नव्हता असे नाही. पण तो तोडगाच नव्या कलहाचे मूळ ठरला. १७ डिसेंबर १९०८ च्या हुकुमाने शॅम्पेनची हद्द आखली गेली, तीत मार्न जिल्हा आणि एन जिल्ह्याचा काही भाग घातला गेला, आणि दक्षिणेकडील ओब जिल्हा सफाईने वगळला गेला. वास्तविक ओबमधील त्रुआ हे नगर शॅम्पेनच्या सरदार घराण्याची राजधानी. मध्ययुगात जेथील जत्रांना अर्ध्या युरोपचे व्यापारी लोटत, तेच नगर आता शॅम्पेनमध्ये नाही, असे दप्तरात लिहिले गेले! ज्यांची द्राक्षे मार्नच्या पेढ्या कालपर्यंत विनातक्रार विकत घेत होत्या, त्या ओबच्या बागायतदारांनी गास्तों शेक यांच्या पुढारीपणाखाली निशाणे उभारली, महसुलाचे कागद जाळले, आणि गावोगावच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. तो क्षोभ पाहून एप्रिलमध्ये सिनेटने हद्दबंदीच रद्द करण्याकडे कौल दिला. त्याबरोबर मार्नकडील बागायतदार, ज्यांचा जीव त्या हद्दीत अडकला होता, पेटून उठले. १२ एप्रिल १९११ रोजी आई या गावी (मराठी वाचकाने चमकू नये, फ्रेंच उच्चार जवळजवळ तोच आहे) जमावाने पेढ्यांची तळघरे फोडली, इमारतींना आगी लावल्या, आणि रस्त्याच्या गटारांतून मद्य वाहिले. घोडदळ येऊन ठाकले तरी आग विझण्यास वेळ लागला. या प्रकरणी मला सर्वांत खिन्न करणारी गोष्ट ही की, भाकरीच्या एकाच प्रश्नावर दोन जिल्ह्यांचे शेतकरी परस्परविरुद्ध मागण्या घेऊन उठले होते, आणि दोघांचीही बाजू खरी होती. जूनमध्ये ओबला 'दुय्यम शॅम्पेन' असा अर्धवट किताब मिळाला. पूर्ण नाव मिळण्यास १९२७ चा कायदा यावा लागला. मध्यंतरी महायुद्धाने याच मळ्यांतून खंदक खणले आणि रँस शहरातील लोकांनी तोफांच्या माऱ्यात त्याच तळघरांचा आसरा घेतला.

बागायतदाराच्या नावाची बाटली बहुतांशी मंदीच्या पोटी जन्मास आली, हे सहसा कोणी सांगत नाही. १९३० नंतर पेढ्यांची तळघरे न खपलेल्या मालाने भरली होती, द्राक्षांस गिऱ्हाईक उरले नव्हते. तेव्हा घड कुजू देण्यापेक्षा आपणच मद्य करून विकावे, या निरुपायाने अनेक कुटुंबे तळघराकडे वळली, आणि ज्यांना एकट्याने ते झेपेना त्यांनी सहकारी घाणे काढले. १९४१ मध्ये, जर्मन अंमलाखाली, मोएतचे रोबेर-जाँ द व्होग्युए आणि बागायतदारांचे प्रतिनिधी मोरिस द्वायार यांच्या पुढाकाराने पेढ्या व शेतकरी यांची संयुक्त समिती स्थापन झाली. मर्यादा आणि तंटे यांचा निवाडा करणारी ही समिती आजही उभी आहे. तरीही गणित विषमच राहिले: सुमारे चौतीस हजार हेक्टर मळ्यांपैकी नऊ-दशांश भाग बागायतदारांच्या मालकीचा, आणि विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक पेढ्यांच्या.

कीर्ती पुढे आली ती आव्हीझ गावच्या आन्सेल्म सेलॉस यांच्यासारख्यांमुळे. बर्गंडीत शिक्षण घेऊन परतलेल्या या गृहस्थाने पीक मुद्दाम कमी घेतले, जमिनीची मशागत नव्याने आरंभिली, लाकडी पिंपे पुन्हा आणली, आणि शेकडो गावांचा मेळ घालण्याऐवजी एका गावची माती बोलू दिली; १९९४ मध्ये 'गो ए मियो' या मार्गदर्शिकेने सर्व प्रकारांत त्यांना फ्रान्सचा सर्वोत्तम मद्यकार ठरविले. त्याच दशकाच्या अखेरीस टेरी थाइज या अमेरिकन आयातदाराने अशा घरांच्या बाटल्या समुद्रापार नेल्या. म्हणून प्रत्येक 'आर. एम.' अमृत समजावा, असे मात्र नव्हे. पावसाळी वर्षी एकाच गावच्या आंबट द्राक्षांत अडकलेल्या शेतकऱ्यापेक्षा शंभर गावांचा साठा बाळगणारी पेढी पुष्कळदा सरस ठरते.

महाराष्ट्राचा या कहाणीशी आलेला संबंध पेढीच्या बाजूने आला. १९८० च्या दशकात नारायणगावी फ्रेंच पेढीच्या तांत्रिक साह्याने 'ओमर खय्याम' हे फेसाळ मद्य निघाले, आणि २०१३ मध्ये मोएत-हेनेसी समूहाने नाशिकच्या द्राक्षांपासून 'शांदों' बाजारात आणले.

आणि ओब? एकेकाळी दुय्यम ठरलेल्या त्या जिल्ह्यात आज शॅम्पेनच्या मळ्यांचा जवळजवळ पाव हिस्सा आहे. मोठ्या पेढ्यांनी तेथे ठाण मांडले नाही, म्हणून स्वतंत्र बागायतदारांना जागा मिळाली, आणि नव्या रसिकांची यादी हल्ली पुष्कळदा त्यांच्याच गावांपासून सुरू होते. बाटलीवर मात्र ओबचे नाव मोठ्या अक्षरांत आढळत नाही. तेथे 'शॅम्पेन' एवढेच असते, आणि कडेला ती दोन बारीक अक्षरे.