दक्षिणा, शिष्यवृत्ती आणि केळुसकर गुरुजी

वाचकहो, आपल्या घरी, नाही तर शेजारी, एखादी मुलगी यंदा इतिहासात, उर्दूत किंवा मराठीत एम.ए. झाली असेल. गुण चांगले आहेत, वाचनाची गोडी आहे. "मला पुढे संशोधन करायचे आहे," असे ती भीतभीत म्हणते आणि घरातील वडीलधारे एकच प्रश्न विचारतात, "अन् खर्च?" मुलगा इंजिनिअरिंगला गेला तर बँक कर्ज देते, डॉक्टर होणार असेल तर मामा शेत गहाण ठेवतो, परंतु आष्टीच्या मकबऱ्यांचा इतिहास लिहिण्यासाठी कोणती बँक कर्ज देणार? बहुतेक घरांत ती गोष्ट तेथेच संपते.

हा प्रश्न आजचा नाही. शास्त्राच्या प्रयोगशाळेतून औषध निघते, यंत्र निघते; भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासातून विकण्याजोगे काही निघत नाही. म्हणून या विद्यांना सर्व काळी कोणाच्या तरी आश्रयाची गरज लागली. तो आश्रय आपल्या मुलखात कोणी दिला, कोणाला दिला आणि तो मिळणाऱ्याला सापडला कसा, याचा थोडा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. "सापडला कसा" या शब्दांकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

बहामनी राज्याचे वजीर ख्वाजा महमूद गावान यांनी बीदर येथे १४७२ च्या सुमारास मदरसा उभारला, तेव्हा आपला वऱ्हाड त्याच राज्याचा एक भाग होता. त्या मदरशात शिक्षक व विद्यार्थी यांच्या राहण्याजेवण्याची सोय होती आणि मोठा ग्रंथसंग्रह होता. १४८१ साली एका बनावट पत्रावरून गावान यांना देहदंड झाला. इमारतीचे भग्नावशेष अजून उभे आहेत. आश्रय एका माणसाच्या मर्जीवर असला की त्याचे आयुष्य किती, हे त्या पडक्या मनोऱ्याकडे पाहून कळते.

पुण्याकडे दक्षिणेची प्रथा होती. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेले हे विद्वान ब्राह्मणांचे वार्षिक दान पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतले. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ते एकदम बंद केले नाही; त्यातीलच काही रक्कम वळवून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. खरी गंमत पुढे आहे. १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी, ज्यांत लोकहितवादी होते, सरकारकडे अर्ज केला की या निधीतून उपयुक्त मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत. जुन्या मंडळींनी गहजब केला. सुधारकांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अखेर ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि काही वर्षांनी त्याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. एका जातीचे दान गुणवत्तेची फेलोशिप झाले, ते आपोआप नव्हे. कोणी तरी अर्ज लिहिला, शिव्या खाल्ल्या, म्हणून झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधील शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांनी पाहिला आणि त्याची चौकशी केली. तो मुलगा भीमराव आंबेडकर. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्यापुढचे मात्र आपण फारसे सांगत नाही. इंटर झाल्यावर घरची ओढाताण सुरू झाली, तेव्हा केळुसकर त्याला महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्याच तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार.

बडोद्याचा खजिना आधीही होता आणि भीमरावांची बुद्धीही होती. या दोहोंच्या मध्ये केळुसकर गुरुजी नसते तर काय झाले असते, याचा आपण क्षणभर विचार करावा. गुरुजी स्वतः श्रीमंत नव्हते. कोणाकडे काय मागावे आणि मुलाला कोणत्या दारी न्यावे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सर्व मार्गी लागले, असेही नाही. मुदतवाढ संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून आंबेडकरांना परतावे लागले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, तो अपमानाचा प्रसंग सर्वश्रुत आहे. प्रबंध राहिला तो राहिलाच. मग सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळाली. मोठी शिष्यवृत्ती जेथे तुटते तेथे लहान रक्कम लागते, आणि ती वेळेवर लागते. पुढे कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तो बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

पैसा देणाऱ्याने धर्म पाहिला नाही, अशीही उदाहरणे आहेत आणि ती अशा स्मरणिकेत नमूद करणे अगत्याचे वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाखाचे वचन दिले. हैदराबादच्या निजामांनी दरसाल एक हजार रुपये अकरा वर्षे दिले आणि बाहेरगावच्या अभ्यासकांसाठी अतिथिगृह बांधायला पन्नास हजार दिले. ते काम १९६६ साली पुरे झाले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गणेश हरी खरे यांच्यासारख्या पुणेकर पंडिताने फारसी शिकून फारसी कागद वाचण्यात आयुष्य घातले. आज किती मुसलमान तरुणांना ते कागद वाचता येतात, हे विचारले तर आपली मान खाली जाईल.

आता आपल्या वर्ध्याकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेत राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉक्टर झाकिर हुसेन झाले. बर्लिनला अर्थशास्त्राची डॉक्टरेट १९२६ साली मिळवून परतलेला हा माणूस जामियात तुटपुंज्या पगारावर राहिला होता. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैन होते, विनोबा होते, काका कालेलकर होते, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहणारे जे. सी. कुमारप्पाही होते. कुमारप्पा कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे शिकले. आंबेडकरांचेही गुरू तेच. एकाच्या लेखणीतून रुपयाचा प्रश्न निघाला, तर दुसऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद घेऊन गावोगावच्या धंद्यांची नोंद केली. तो अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. सरकारी पैशाने आपल्या प्रांतात झालेले ते सामाजिक संशोधन होते आणि त्याची सूत्रे वर्ध्यात होती. वर्धा म्हणजे केवळ चरखा, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

स्वातंत्र्यानंतर राजेरजवाडे गेले आणि त्यांच्या जागी परिषदा आल्या. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली सुरू होऊन १९५६ साली कायद्याने स्थापन झाला. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ साली, इतिहासासाठी १९७२ साली आणि तत्त्वज्ञानासाठी १९७७ साली स्वतंत्र भारतीय परिषदा निघाल्या. पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती, पुराभिलेखागारात जाण्यासाठी प्रवासखर्च, प्रबंध छापण्यासाठी मदत, असे या परिषदांचे निरनिराळे साहाय्य असते. आपल्यापैकी पुष्कळांना फक्त पहिले ठाऊक असते.

त्यानंतर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला आणि २००९-१० पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. ती केवळ मुसलमानांसाठी नव्हती. बौद्ध, ख्रिस्ती, शीख, पारशी व जैन यांनाही होती, आणि आपल्या जिल्ह्यातील बौद्ध विद्यार्थ्यांनाही तिचा मार्ग मोकळा होता. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ उमेदवार निवडले गेले व ७३८ कोटींहून अधिक रुपये वाटले गेले, असे डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. त्याच उत्तरात असेही सांगितले गेले की इतर योजनांशी ती एकमेकांत मिसळते, म्हणून २०२२-२३ पासून ती बंद करण्यात येत आहे. हे कारण आम्हाला पटलेले नाही. दोन नळांचे पाणी एका घागरीत पडते म्हणून एक नळ बंद करायचा, तर आधी घागर भरली की नाही ते पाहावे लागते. परंतु बंद झाली ती झाली, आणि यापुढे काय, हे बघणे भाग आहे.

येथे वर्ध्याची एक विलक्षण गोष्ट सांगावीशी वाटते. १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ. केंद्रीय विद्यापीठांतील ज्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना दुसरी फेलोशिप नाही, त्यांच्यासाठी आयोगाची दरमहा ८,००० रुपयांची योजना आहे. शहरातील इतर महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली. तेथील संशोधकाला ही योजना लागू नाही. म्हणजे टेकडीवर नाव घातले तर आठ हजार, टेकडीखाली घातले तर काही नाही! ही रक्कमही थोडीच आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळविणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये मिळतात. उर्दू, फारसी, अरबी, मराठी, इतिहास हे सर्व त्या परीक्षेचे विषय आहेत.

राज्याच्याही संस्था आहेत. नागपूरची महाज्योती इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांतील संशोधकांना फेलोशिप देते. मोमीन, पिंजारी, तांबोळी असे आपल्यातील कित्येक समाज राज्याच्या मागासवर्गीय यादीत आहेत. ज्यांच्याकडे तसा दाखला आहे त्यांनी तिची जाहिरात जरूर वाचावी. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. तिच्याकडून काय काय निघते, यावर कोणी तरी डोळा ठेवला पाहिजे.

तो डोळा कोण ठेवणार? प्रस्तुत लेखकाला तरुणपणी एका फेलोशिपचा अर्ज करायचा होता. तिचे परिपत्रक महाविद्यालयाच्या कार्यालयात पोचले होते. ते एका टेबलाच्या खणात दीड महिना पडून राहिले आणि हाती आले तेव्हा मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. त्या कागदाची कोणाला गरज असू शकते, हेच त्या कार्यालयात कोणाच्या ध्यानी आले नाही.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. आष्टीला मोगल सरदार मुहम्मदखान नियाझी यांचा मकबरा आहे. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तेथील गोल दगडांविषयी, ते म्हणजे थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी दंतकथा घरोघर सांगितली जाते. हिंदू-मुसलमान दोघेही ती सांगतात. पवनार हे अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते, आणि त्याआधी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत होते. यांतील कोणताही विषय घेतला तरी फारसी लागते, मराठीची जुनी भाषा लागते, पुणे-हैदराबादच्या दप्तरांत महिना-दोन महिने बसावे लागते. फेलोशिप मिळण्यापूर्वीच हे करावे लागते, कारण त्याशिवाय चांगला संशोधन-आराखडा लिहिता येत नाही आणि आराखड्याशिवाय फेलोशिप मिळत नाही. आमची गुणी मुले नेमकी या खिंडीत अडकतात.

आपल्यासारख्या शिक्षण संस्थांना सदतीस हजारांची फेलोशिप देणे झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रेल्वेचे भाडे, महिनाभराची खानावळ, सुटीत फारसी शिकविणारे एखादे वयोवृद्ध मौलवीसाहेब, एवढे झेपण्यासारखे आहे. भथेनांनी दिले तसे बिनव्याजी उसनेही देता येईल. आणि संस्थेच्या ग्रंथालयात एक साधी वही असावी. तीत प्रत्येक परिषदेची, प्रत्येक योजनेची जाहिरात कोणत्या महिन्यात निघते, कोणते दाखले लागतात, मागील वर्षी कोणी अर्ज केला होता, हे एका निवृत्त शिक्षकाने लिहून ठेवावे आणि एम.ए.च्या वर्गात जाऊन वाचून दाखवावे. उत्पन्नाचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला तहसिलीत किती खेटे पडतात, हे सर्वांना माहीत आहे. ते काम जाहिरात निघाल्यावर सुरू केले तर उशीर झालेलाच असतो.

नेटचे अर्ज साधारणपणे वर्षातून दोनदा निघतात. फेलोशिपसाठी वयाची अट तीस वर्षांची आहे; मुलींना आणि नॉन-क्रिमीलेअर इतर मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यालाही हा अर्ज भरता येतो.