देवाचे डोह आणि खुडशी मासा

नदीपात्रातील खोल, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या डोहाला कोकणात कोंड म्हणतात; महाडजवळच्या वाळणकोंडात वरदायिनी देवीचे मासे म्हणून जपलेला महसीर, म्हणजेच खुडशी, काठावरून चुरमुरे पडताच वर उसळतो आणि त्याचे रुंद, सोनेरी झाक असलेले खवले क्षणभर उन्हात चमकून जातात. देहूच्या इंद्रायणीतही मासेमारी निषिद्ध मानली गेली; जे देवराईने झाडांसाठी केले तेच अशा डोहांनी माशांसाठी केले, आणि पाण्याचे हे श्रद्धारक्षण अधिक अभ्यासले जायला हवे. ग्रीष्मात प्रवाह तुटल्यावर मोठे मासे डोहातच तग धरतात व पावसाळी पुरात विणीसाठी वर चढतात, म्हणून एक डोह राखणे म्हणजे बीज राखणे होय. ब्रिटिश निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतील महसीरचे शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध करताना त्याचे ‘खुडशी’शी नाते सांगणारे स्थानिक नावच ‘खुद्री’ या रूपात स्वीकारले. पुढे हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या 1873 च्या ग्रंथाने महसीरला गळकऱ्यांमध्ये कीर्ती दिली. धरणांनी वाटा अडवल्यावर मात्र लोणावळ्याच्या वळवण येथे त्याची कृत्रिम पैदास करून पिल्ले जलाशयांत सोडावी लागली.