अंतर्नेत्रशोथ, विलंबित

मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविल्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, सूक्ष्मजंतूंमुळे नेत्रगोलाच्या आत होणारा मंदगती शोथ (दाहयुक्त सूज). शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत उद्‌भवणाऱ्या तीव्र प्रकारात वेदना असह्य असतात व दृष्टी झपाट्याने जाते. येथे डोळा थोडा लाल होतो आणि दृष्टी किंचित अंधुक होते, इतकेच.

या विकाराचा इतिहास भिंगाच्या इतिहासाशी निगडित आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसविले. तथापि त्यानंतरही बराच काळ मोतीबिंदू त्याच्या संपुटासह (पातळ वेष्टनासह) काढून टाकीत व रुग्णास जाड चष्मा देत. पुढे संपुटाचा मागील भाग राखून त्यातच भिंग बसवू लागले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पामुळे भारतात या पद्धतीचा प्रसार झाला. दृष्टी पुष्कळच सुधारली. पण संपुट व भिंग यांमधील फटीत जंतूंना आसराही मिळाला.

अशा दीर्घकालिक शोथाचे कारण प्रोपिऑनिबॅक्टिरियम ॲक्नी हा जंतू असल्याचे अमेरिकेतील मीस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. २०१६ पासून त्यास क्यूटिबॅक्टिरियम ॲक्नी म्हणतात. तो निरोगी त्वचेवरही असतो, ऑक्सिजनाविना वाढतो आणि संवर्धनात दिसून येण्यास त्यास कधीकधी दोन आठवडे लागतात. एरवी तो दुर्बलच. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये ज्याचे उत्पादन सुरू झाले, त्या पेनिसिलिनानेही तो सामान्यतः मरतो. अडचण औषधाच्या शक्तीची नसून ते संपुटातील जंतूंपर्यंत पोहोचत नाही, ही आहे.

स्टेरॉइडाच्या थेंबांनी प्रारंभी बरे वाटते, ते थांबविताच शोथ उलटतो. त्यामुळे निदान लांबते. संपुटावरील पांढरा थर नेहमीचा गढूळपणा समजून लेसर किरणांनी छेदला, तर जंतू मागील काचाभ द्रवात उतरतात. व्हँकोमायसिनाचे नुसते अंतःक्षेपण पुष्कळदा अपुरे पडते. म्हणून काचाभ द्रव व संपुटाचा काही भाग काढतात. तरीही शोथ उलटल्यास संपूर्ण संपुट व भिंग काढावे लागते आणि रुग्णास काही काळ पुन्हा जाड चष्मा वापरावा लागतो.