खरखरीचा छोटासा इतिहास

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचं यंत्र. पायाने दाबायचा एक स्विच आणि डबीच्या आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बस्स! गेले दोन वीकेंड मी हे सर्किट बोर्डावर जोडत होतो आणि सोल्डरच्या धुरात एकच प्रश्न घोळत होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून इंजिनिअर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं, मग तो बिघडवायची बुद्धी कुणाला झाली?

तर मंडळी, गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना ग्रेडी मार्टिनचा बास ज्या चॅनेलमधून जात होता, नेमका तोच बिघडला. सुराऐवजी घोंगावणारी खरखर आली. ती पुसून टाकायची सोडून तशीच ठेवली गेली आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग इतरांनाही तो आवाज हवा झाला. तोवर ते चॅनेल पुरतं मेलं होतं, म्हणून ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरने तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तो 'माएस्ट्रो फझटोन' म्हणून बाजारात आणला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बगचा फीचर झाला.

सुरुवातीला या डबीला फारसं कुणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि चित्र पालटलं. पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. यार्डबर्ड्सनी 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी स्टुडिओत चक्क सितारवादक बोलावला होता. ते काही जमलं नाही, तेव्हा जेफ बेकने तीच धून फझ लावून गिटारवर वाजवली. म्हणजे ही खरखर सितारची जागा घ्यायला आली होती!

ते जमलं कसं? फझमध्ये सिग्नल इतका वाढवतात की लहरीचे माथे कापले जातात, आणि कापलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले कितीतरी वरचे सूर नव्याने तयार होतात. आपल्याकडे हेच काम तंबोऱ्याची जवारी करते. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो, तार त्यावर हलकेच टेकत राहते आणि खाली सरकवलेला सुती दोरा तो झंकार नेमका जागेवर आणतो. मार्ग वेगळा, पण वरचे सूर जागवायचे हे दोन्हीकडे सारखंच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे जे सूर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हे काम उभं केलं ते हत्यारं घासणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो. धाराशिव, म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. इथे तंबोरा फारसा कानावर पडला नाही, पण तुळजापूरच्या गोंधळ्यांचं संबळ आणि तुणतुणं लहानपणापासून ऐकलं. तुणतुण्याची एकच तार छेडली की कातड्याची झणझण सोबत येते, आणि ती काढून टाकावी असं कुणाला वाटलं नाही. खरखर म्हणजे बिघाड, हे आम्हाला शिकवलं रेडिओने.

आणि गंमत त्या रेडिओतच दडलेली आहे. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' पेडल काढलं, जे पुढे जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली दिसलं. त्यातल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरपैकी एक जात होती एसी १२८. हाच एसी १२८ बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवला, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत स्पीकर हलवायला त्याचीच जोडी असायची. माझ्या पेडलमधली जोडी गावाकडच्या एका मेलेल्या रेडिओतून काढलेली आहे. म्हणजे बातम्या स्पष्ट ऐकू याव्यात म्हणून जे पार्ट बसवले होते, तेच आता आवाज फाडतायत.

जोडणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एसी १२८ पीएनपी आहे, त्यामुळे बॅटरीची धन बाजू ग्राउंडला जाते. आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट मिळायला हवेत. जर्मेनियम उष्णतेने गळतं, म्हणून मे महिन्यात मराठवाड्यात हा आकडा सरकतो आणि आवाजही बदलतो. भाव सगळीकडे एकच हवा असेल तर सिलिकॉन वापरा, स्वस्तही पडेल.

जर्मेनियमचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन केव्हाच थांबलंय. जे उरलंय ते अशाच माळ्यावरच्या खोक्यांत. तेव्हा आजोबांचा रेडिओ भंगारात देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. दुरुस्त होत असेल तर करूनच घ्या, आणि नसेलच होत तर त्याला वाजत राहायचा अजून एक मार्ग आहे.