कॉलबॉयची वही

कल्याणच्या रेल्वे क्वार्टरात रात्री दोनला दारावर थाप पडे. ड्युटीचं बोलावणं घेऊन आलेला कॉलबॉय वही पुढे करी, मी झोपेतच सही ठोकी. मालगाडीलाच वेळापत्रक नाही, तर ड्रायव्हरला कुठलं असणार? पुढे पनवेलला घर बांधलं आणि कॉलबॉय सुटला. एवढ्या लांब कोण येतो! मग कल्याणला ड्युटीवर जायला दिवा पॅसेंजर, ती चुकली की एस.टी. १९८९ला न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनरच्या गाड्या पनवेलवरून जाऊ लागल्या. खिडकीतून दिसणारी गाडी चालवायला मी आधी कल्याण गाठायचो! १९९८ला लोकल आली, पण ती व्हीटीची. माझ्या काय कामाची? ड्युटीवर सोबत न्यायच्या लाइनपेटीत डाळ-तांदूळ असत. मुक्कामाच्या रनिंग रूमचा खानसामा ते शिजवून देई, मीठ मात्र नेहमी जास्त.