आमदाराच्या हाती नेमके काय? नांदेड-लातूरच्या संदर्भात आरोग्य, शस्त्रपरवाने आणि अर्थसंकल्प

३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडजवळील विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्यानंतर हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. ते दृश्य देशभर दिसले आणि पाटील यांच्यावर गुन्हाही नोंदला गेला. औषधांची खरेदी कोण करते, रिक्त पदे का भरली जात नाहीत, मंजूर निधी कोठे अडतो, ही मुद्देसूद विचारणा मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन केली. वस्तुतः हे प्रश्न विचारण्याची पहिली जागा विधानसभा आहे.

नांदेड जिल्ह्यातून ९ आणि लातूरमधून ६ असे १५ सदस्य २८८ जणांच्या विधानसभेत निवडून जातात. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण हे चार मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांनी दिले. सत्तेशी इतका निकटचा संबंध असूनही उपचारांसाठी हैदराबाद, सोलापूर वा पुण्याची वाट धरणे येथील कुटुंबांना चुकलेले नाही.

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. म्हणजे येथे आमदाराला ‘हा केंद्राचा प्रश्न आहे’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. अडचण निराळीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. खाती दोन, मंत्री दोन, अर्थसंकल्पातील मागण्याही दोन. लातूरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा जुने जिल्हा रुग्णालय त्याच्याकडे गेले, आणि स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी पुढे अनेक वर्षे रेंगाळली. नांदेडच्या रुग्णालयावर तर हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांचाही भार पडतो. किनवट-माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर नसला की त्या दिवशीचा रुग्ण विष्णुपुरीच्या खाटेवर येतो. एका खात्याची रिक्त जागा अशी दुसऱ्या खात्याच्या मृत्युसंख्येत दिसू लागते.

औषधांचेही तसेच. २०१७ मध्ये शासकीय रुग्णालयांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. ती व्यवस्था रखडत चालल्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. नांदेडची सुनावणी सुरू झाली तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. कायदा विधिमंडळानेच संमत केलेला होता. त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा करणे हेही विधिमंडळाचेच काम होते.

विम्याच्या योजनांनी काही भार हलका केला हे खरे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. परंतु विमा शस्त्रक्रियेचा खर्च देतो, रात्रपाळीची परिचारिका देत नाही.

शस्त्रांच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. शस्त्रे व दारूगोळा केंद्रसूचीत, तर पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा गाभा आमदाराला बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाधारक बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि समारंभात हवेत गोळीबार करणे हा गुन्हा ठरविला. ते संसदेचे काम होते. परवाना मात्र जिल्हादंडाधिकारी पोलीस अहवाल पाहून देतो, आणि तोच सार्वजनिक शांततेच्या कारणास्तव तो रद्दही करू शकतो. या प्रक्रियेत लोकप्रतिनिधीच्या शिफारसपत्राला कायद्याने कोणतेही स्थान नाही. व्यवहारात ते किती वजनदार असते हे निराळे सांगावयास नको.

५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची त्याच्या घरासमोर दिवसाढवळ्या गोळ्या झाडून हत्या झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात एका सरपंचाच्या हत्येनंतर परवान्यांची खिरापत हा राज्यभर चर्चेचा विषय झाला आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. मराठवाड्यातील आमदारापुढे म्हणून दोन वेगवेगळी कामे आहेत. गावठी पिस्तुलांचा प्रश्न हा पोलिसांचे मनुष्यबळ, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि राज्याबाहेरून येणाऱ्या मालाचा माग यांचा आहे. त्यासाठी गृह विभागाच्या मागणीवर बोलावे लागते. परवान्यांसाठी तारांकित प्रश्न पुरतो : जिल्ह्यात परवाने किती, गुन्हे नोंद असलेल्यांकडे किती, गेल्या वर्षी नूतनीकरण नाकारले किती. हा प्रश्न विचारणारा बहुधा स्वतः कोणाची शिफारस केलेला नसावा लागतो, आणि तेथेच गाडे अडते.

दोन्ही विषय अखेर पैशांपाशी येतात. आमदाराला सर्वांत परिचित असतो तो स्थानिक विकास निधी. २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. म्हणजे दोन जिल्ह्यांचे मिळून ७५ कोटी. या निधीतून सभागृह बांधता येते, रुग्णवाहिकाही घेता येते. तिच्या चालकाचा पगार देता येत नाही. फलक लावण्याजोगे काम त्यातून होते, आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. डॉक्टरांची पदे व औषधांची तरतूद खात्यांच्या अनुदानातून येते, आणि त्या मागण्यांवरील चर्चेच्या वेळी सभागृहातील बाके पुष्कळदा रिकामी असतात. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात.

कपातसूचना हे येथील जुने हत्यार आहे. सरकारच्या बहुमतापुढे ती संमत होत नाही. परंतु अमुक रुग्णालयाच्या अमुक त्रुटीवर ती दिली की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. मार्चमध्ये मंजूर झालेली रक्कम प्रत्यक्षात कधी वितरित झाली हे पुढे पाहावे लागते, कारण ३१ मार्चला अखर्चित निधी व्यपगत होतो. महालेखापरीक्षकांनी आरोग्य व्यवस्थेवरील अहवालात मनुष्यबळाच्या तुटीवर बोट ठेवले, तो डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला. असे अहवाल लोकलेखा समितीत उघडले जातात. तेथे कॅमेरे नसतात.

प्रदेशांच्या तुलनेची भाषा विधिमंडळाला दिली ती वि. म. दांडेकर समितीने. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी आणि त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी काढला. १९९४ च्या स्थितीवर आधारलेल्या पुढील समितीच्या गणनेत मराठवाड्याचा आकडा ४,००४.५५ कोटींवर गेला. आरोग्य हे त्यातील एक क्षेत्र होते. घटनेच्या ३७१(२) कलमान्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि त्यांच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे बंधनकारक झाले. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली, आणि तो अहवालही थांबला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश आवश्यक असतो. मंडळ नसेल तेव्हा विष्णुपुरीतील रिक्त पदे, लातूरच्या खाटा आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातील परवान्यांची नोंदवही यांचे आकडे सदस्याला एकेका खात्याकडे स्वतंत्र प्रश्न टाकूनच मिळवावे लागतात.